मुरमातला खांब

पितळेची छोटी कुंकवाची डबी होती. आजीने ती कमरेच्या चंचीतून काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. आत कुंकवाऐवजी कापूस, आणि कापसावर तांदळाच्या दाण्याएवढा टायटॅनियमचा स्क्रू.

"पडला बगा म्याडम. भाकरी खाताना दाताखाली कचकन लागलं म्हनला. गिळत हुतं पोरगं, मी बोट घालून काढला."

पोरगं मागे उभं होतं. वय १२. तीन आठवड्यांपूर्वी तो स्क्रू मीच त्याच्या वरच्या दाढेच्या पुढे, दोन मुळांच्या मधल्या हाडात बसवला होता. बसवताना पीळ चांगला लागला होता. एक्स-रेमध्ये मुळांपासूनचं अंतर ठीक होतं. मी खूश होऊन फोटोही काढून ठेवला होता. आता त्या जागी फक्त एक लालसर ठिपका होता, मुंगी चावल्यासारखा.

"दुखलं का रे?" त्याने मान हलवली. दुखलं नव्हतंच. वाढत्या मुलाच्या हाडाने तो स्क्रू अगदी सभ्यपणे बाहेर ठेवला होता, जसं एखादं घर नको असलेला पाहुणा चहा पाजून निरोप देतं.

आजीने ती डबी परत नेली नाही. "ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच, त्यात परत कुंकू कसं घालू?" म्हणाली. ती अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मुलांच्या हाडात स्क्रू बसवायचा निर्णय घेताना मी आजही आधी तो ड्रॉवर उघडते. सवय म्हणा.

मी मिरजेत दातांना तारा लावण्याचं काम करते. आमच्या शास्त्राचं भारदस्त नाव ऑर्थोडॉन्टिक्स, पण गावात मी 'तारंच्या म्याडम'. हे काम वरवर दात सरळ करण्याचं दिसतं. प्रत्यक्षात त्यातला अर्धा वेळ एकाच प्रश्नात जातो: कशाला धरून ओढायचं? नरसोबाच्या वाडीला घाटावर दोन नावा शेजारी असल्या आणि एका नावेत बसून दुसरी ओढली, तर दुसरी तुमच्याकडे येते तशी तुमचीही तिच्याकडे जाते. न्यूटनचा तिसरा नियम कृष्णेच्या पाण्यात तसाच तोंडातही. पुढे आलेले पटाशीचे दात मागे घ्यायला दाढेला धरून ओढलं, की दाढ पुढे येते. ज्या फटीत पुढचे दात बसवायचे ती फट दाढच खाऊन टाकते. ती मागच्या बाजूने पुढे आली हे पेशंटला कळतही नाही, मला मात्र रात्री झोप लागत नाही.

ही दाढ जागच्या जागी ठेवायला माणसांनी शंभर वर्षं काय काय केलं! एडवर्ड अँगल या अमेरिकन गृहस्थाने १९०० साली सेंट लुईसमध्ये आमच्या विषयाची पहिली शाळा काढली, आणि त्याच्या आधीपासून डोक्याला पट्टा बांधून दात मागे ओढण्याचे प्रकार चालू होते. मी पदव्युत्तर शिकत होते तेव्हाही हेडगिअर होतंच. मानेमागून पट्टा, तोंडासमोर तार, रोज १२ ते १४ तास. किती तास घातलं ते मुलांनी कागदावर लिहून आणायचं. एका मुलीचा महिन्याचा तक्ता मला आठवतो. तीसच्या तीस दिवस १३ तास, सगळे एकाच निळ्या शाईत, एकाच बैठकीत लिहिलेले, आणि शेवटच्या चार ओळींत हात दुखल्यामुळे अक्षर बिघडलेलं. दाढ एक मिलिमीटरही हलली नव्हती. तिला रागावणार तरी कशी? चौदाव्या वर्षी तोंडासमोर तार बांधून मीही कुठे गेले नसते.

हाडालाच धरावं ही कल्पना तेव्हाही नवीन नव्हती. गेन्सफोर्थ आणि हिगली या दोघांनी १९४५ साली कुत्र्यांच्या जबड्यात व्हिटॅलियम धातूचे स्क्रू बसवून दात ओढून पाहिले. सोळा ते एकतीस दिवसांत सगळे स्क्रू ढिले पडले. (माझा एकविसाव्या दिवशी पडला. फार वाईट नाही.) पुढे १९८३ साली क्रीकमोर आणि एकलुंड यांनी एका बाईच्या नाकाच्या तळाशी असलेल्या हाडाच्या टोकाखाली एकच स्क्रू बसवला आणि वरचे पुढचे दात वर्षभरात सहा मिलिमीटर वर ढकलले. एकच पेशंट, एकच स्क्रू, पण छायाचित्रं बोलकी होती. तरी चौदा वर्षं फारसं काही घडलं नाही. मग १९९७ मध्ये जपानच्या र्यूझो कानोमींनी तोंडाच्या शस्त्रक्रियेत हाडं जोडायला वापरतात तसला चिमुकला स्क्रू घेतला, १.२ मिलिमीटर जाडीचा, ६ मिलिमीटर लांबीचा, आणि दातांच्या मुळांमध्ये मावेल असा करून दाखवला. तिथून पुढे कोरियाने हे काम अक्षरशः घरोघरी नेलं. माझं शिक्षण संपेपर्यंत आमच्या विभागात कोरियन स्क्रूंची पहिली पेटी आली होती, आणि ती उघडताना सगळे डॉक्टर भोवती असे उभे होते की जणू कोणाच्या लग्नाचा दागिना आला आहे.

मोठ्या माणसांत स्क्रूने खरोखर सुख आणलं. हाड पक्कं, पेशंट समजूतदार, ओढायला हक्काची जागा. गोष्ट अवघड होते ती मुलांपाशी. आणि तारा लावायला येणारी बहुतेक मंडळी मुलंच असतात.

इथे मला डेन्मार्कमध्ये काम केलेल्या एका माणसाबद्दल लिहिलं पाहिजे. मुलांच्या जबड्यात धातू बसवणारा पहिला मोठा माणूस दात ओढण्यासाठी तो बसवत नव्हता. कोपनहेगनच्या आर्ने ब्यर्क यांनी १९५०च्या दशकात वाढत्या मुलांच्या जबड्यांत टँटॅलम धातूच्या बारीक टाचण्या ठोकल्या, दीड मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर जाड. मग वर्षानुवर्षं त्याच मुलांचे एक्स-रे काढत राहिले. त्यांना वाढ मोजायची होती. वाढणाऱ्या चेहऱ्यात सगळंच हलतं. नाक पुढे जातं, हनुवटी खाली जाते, दात वर-खाली होतात, हाडाचा पृष्ठभाग एकीकडे झिजतो आणि दुसरीकडे चढतो. अशा वेळी दोन एक्स-रे एकमेकांवर ठेवायचे तर कुठली खूण जुळवायची? त्यांना न हलणारी खूण हवी होती. ती नव्हती म्हणून त्यांनी ती आणून बसवली. आज असा प्रस्ताव घेऊन कोणी एथिक्स कमिटीपुढे गेलं तर चहासुद्धा विचारणार नाहीत. पण त्या टाचण्यांमुळे कळलं की वाढताना जबडे आतल्या आत फिरतात, आणि पृष्ठभागावरची झीज-भर ते फिरणं झाकून टाकते. बाहेरून शांत दिसणारा चेहरा आत कूस बदलत असतो.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं. डबी टेबलावर आल्यानंतर परत वाचलं, आणि तेव्हा समजलं.

आता एका मुलीची गोष्ट. अकरा वर्षांची, मिरजेपासून जवळच्याच एका गावातली. वरचा जबडा मागे राहिलेला, त्यामुळे वरचे दात खालच्या दातांच्या आत जात होते आणि हनुवटी पुढे आल्यासारखी दिसत होती. खरं तर हनुवटी जागेवरच होती, वरचं ओठांमागचं हाडच मागे होतं. वरचा जबडा अरुंदही होता. वर्गात तिला काय म्हणत असतील ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. बोलताना हात तोंडापाशी जायचा, तेवढं पुरे होतं.

या वयात वरचा जबडा अजून पुढे आणता येतो. टाळूच्या मधोमध जी शिवण असते ती अजून कच्ची असते. ती चावीच्या यंत्राने आधी रुंदावायची, मग चेहऱ्यावर मुखवट्यासारखी चौकट बांधून रबरांनी जबडा पुढे ओढायचा. हे सगळं वाढीच्या जोरावर चालतं. वाढ आहे तोवर जबडा ऐकतो. पुढे विसाव्या वर्षी हेच करायचं तर हाड कापून ऑपरेशन. म्हणून अशा मुलांच्या बाबतीत मी घाई करते, एरवी मी घाई करणारी नाही.

अडचण अशी की ते रुंदावायचं यंत्र बसवायचं कशावर? नेहमी ते दातांवर बसवतात. हिच्या दुधाच्या दाढा हलत होत्या, दोन पडल्याच होत्या, आणि त्यांच्या जागी येणारे दात अजून अर्धे हिरडीत. राहिल्या दोन कायमच्या दाढा. त्यांना धरून जबडा ओढला तर जबड्याआधी दाढाच पुढे येतील आणि सुळ्यांची जागा खातील. परत तीच नाव, तोच घाट.

म्हणून मी तिच्या वडिलांना टाळूत दोन स्क्रू बसवायचं सुचवलं.

वडील द्राक्षवाले. उन्हाने रापलेले, कमी बोलणारे. मी प्लास्टरचा जबडा हातात घेऊन, न्यूटनपासून सगळं नीट समजावलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मांडवाच्या कडंच्या अँगलसारखं." द्राक्षाच्या मांडवावर वेलींचा आणि घडांचा सगळा भार तारांवर येतो, आणि तारांचा सगळा ताण कडेच्या लोखंडी अँगलवर. म्हणून तो बाहेरच्या बाजूला कलता ठेवतात आणि मागून तारेने जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधतात. आमच्या विषयाच्या आद्य पुरुषाचं नाव अँगल, हे मी त्यांना सांगितलं नाही. मनातल्या मनात हसले फक्त.

"पर एक इचारू का?" ते म्हणाले. "काळ्या रानात खांब रवला की दोन पावसाळ्यांत कलतो. जमीन फुगती, उन्हाळ्यात भेगाळती, खांब कसा ऱ्हाईल? मुरमात रवला तर हालत न्हाई. हिच्या तोंडात मुरूम कुठं हाय?"

मी थोडा वेळ काही बोललेच नाही. कुठल्याच परीक्षकाने मला हा प्रश्न इतका नेमका विचारला नव्हता.

कारण गोष्ट तीच आहे. स्क्रू हाडात टिकतो तो मुख्यतः वरच्या कडक थराच्या बळावर. मोठ्या माणसात दाढांच्या बाहेरच्या बाजूला हा थर बऱ्यापैकी टणक असतो. मुलांत तो पातळ असतो, आतलं हाड सैल असतं, आणि रोज मोडून परत बांधलं जात असतं. त्यातच कायमचे दात वर यायला निघालेले असतात. त्यांचे कोंब हाडात कुठे दडलेत ते एक्स-रेशिवाय दिसत नाही, आणि स्क्रू त्यांना लागला तर तो दातच बिघडेल. ते काळं रान. म्हणून बहुतेक जण बारा वर्षांच्या आत दाढांच्या बाजूला स्क्रू घालायला नको म्हणतात, आणि बाराव्या वर्षीही जपून म्हणतात. मोठ्यांची जागा मुलाला वापरली, ही माझी डबीवाली चूक होती. तिथे स्क्रू टिकतातही, पण ते मुलाच्या नशिबावर.

मुरूम आहे तो टाळूत, पुढच्या भागात. जिभेचं टोक फिरवलं की टाळूवर आडव्या वळ्या लागतात, त्यातल्या तिसऱ्या वळीच्या मागे. तिथे हाड जाड आणि घट्ट, वरचं कातडं पातळ आणि चिवट, आणि दातांची मुळं वाटेत येत नाहीत. जर्मनीत ड्यूसेलडॉर्फला विल्मेस आणि ड्रेशर यांनी या जागेवर पुष्कळ काम केलं. पुढून दोन स्क्रू, मागून दोन दाढा आणि मधे रुंदावण्याची किल्ली, अशी जोडणी त्यांचीच. तिला 'हायब्रिड हायरॅक्स' म्हणतात. फक्त मुलांत एक पथ्य: अगदी मधोमध जायचं नाही, कारण तिथे ती कच्ची शिवण आहे. दोन-तीन मिलिमीटर बाजूला, एक इकडे, एक तिकडे. शिवण उघडायचीय, मग तिच्यातच खुंटी ठोकून कसं चालेल?

हे सगळं मी वडिलांना सांगितलं. ते मुलीकडे वळून म्हणाले, "मुरूम हाय म्हनत्यात." एवढंच. सही झाली.

स्क्रूचा दिवस. दोन मिलिमीटर जाड आणि नऊ मिलिमीटर लांब, असे दोन. आधी जेल, मग टाळूला थोडी सुई. टाळूची सुई दुखते, त्यात खोटं काही बोलत नाही मी. "आता एकदा चावल्यासारखं होईल, मग काही नाही," म्हणते आणि तसंच होतं. नंतर हळू फिरणाऱ्या यंत्राने स्क्रू आत. वरचा कडक थर येतो तेव्हा हाताला कळतं. मऊ कातड्यातून जाताना काहीच नाही, मग एकदम अडतं, मग दाबाला पकड मिळते आणि तो स्वतःच वाट काढत जातो. दोन्हींना मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत. उठून बसल्यावर ती म्हणाली, "म्याडम, डोक्यात जातं चालू झाल्यागत वाटलं." दुखलं नव्हतं, ऐकू आलं होतं. हाडातून आवाज थेट कानाच्या आत जातो. ते आधी सांगायचं राहिलं होतं. आता प्रत्येकाला सांगते: जात्याची घरघर ऐकू येईल, घाबरायचं नाही.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण पालकांच्या मनात नेहमी गोंधळ असतो. 'इम्प्लांट' म्हटलं की त्यांना पडलेल्या दाताच्या जागी बसवायचा इम्प्लांट आठवतो. कबड्डीत पुढचा दात गमावलेल्या तेरा वर्षांच्या मुलाचे वडील माझ्याकडे पैसे मोजून तयार आले होते, आज बसवा म्हणून. मी नाही म्हटलं. टायटॅनियमला हाड घट्ट धरतं, हे स्वीडनच्या लुंडमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना उमगलं आणि १९६५ साली योटेबोरीमध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले. पण वाढत्या जबड्यात हेच घट्ट धरणं घात करतं. आजूबाजूचे दात वयाबरोबर हाडासकट खाली येत राहतात आणि इम्प्लांट जिथे होता तिथेच राहतो. पाच वर्षांनी तो दात शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसायला लागतो, जसा रांगेत एक मुलगा गुडघ्यावर बसलाय. योटेबोरीमध्येच बिर्गिट थिलांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढत्या डुकरांत हे दाखवून दिलं. म्हणून वाढ थांबेपर्यंत थांबायचं, नकली दात लावून दिवस काढायचे.

मिनिस्क्रूचं, म्हणजे आमच्या या चिमुकल्या स्क्रूचं, तसं नाही, आणि हे मिरजेत समजावणं सोपं जातं. इथल्या सतारमेकर गल्लीत कोणत्याही दुकानात डोकावा. तानपुऱ्याची खुंटी भोकात फक्त घर्षणाने धरलेली असते. सरसाने चिकटवली तर ती कधीच सुटणार नाही, पण मग तार तरी कशी लावणार? घसरत असेल तर कारागीर तिला थोडा खडू चोळतो, बस्स. मिनिस्क्रूही तसाच, हाडात आवळून बसलेला. त्याने हाडाशी जन्माची गाठ बांधावी अशी कोणाचीच अपेक्षा नसते. काम झालं की उलटा फिरवून काढायचा. माझ्या मते मुलांच्या बाबतीत स्क्रूचा सगळ्यात मोठा गुण तो किती टिकतो हा नाहीच. तो निघतो, हा आहे.

परत मुलीकडे. यंत्र तयार होऊन आलं, स्क्रूंवर टोप्या घालून बसवलं. मग आईला चावी दिली. ही बारीक तारेची चावी यंत्राच्या छिद्रात घालून पुढून मागे फिरवायची, एका वेळी पाव फेरा, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. सकाळी एक, रात्री एक. चावीला लांब दोरा बांधून दिला आणि तो मनगटाला गुंडाळून ठेवायला सांगितला. हातातून सुटली तर घशात जायला नको. आईचा हात पहिल्यांदा थरथरला. दुसऱ्यांदा नाही. घरी भिंतीवरच्या कालनिर्णयवर तारखेखाली ती दोन टिंबं देत असे, एकादशी आणि चतुर्थीच्या मधे. निळ्या शाईचे ते जुने तक्ते आठवून मी टिंबं बघायला मागवली. सकाळची टिंबं पेनची होती, रात्रीची पेन्सिलची. खरी होती.

सहाव्या दिवशी संध्याकाळी फोन. वडील. आवाज चढलेला. "म्याडम, पुढचं दोन दात फाकलं! मधनं पेन्सिल जातीया! काय झालं हे?"

चूक माझीच. असं होणार हे मी आईला सांगितलं होतं, वडिलांना नाही, आणि त्या संध्याकाळी आई घरी नव्हती. वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडते याचा अर्थ मधली शिवण उघडली. आम्ही तिची वाटच बघत असतो. ती फट काही आठवड्यांत आपोआप मिटते. पण संध्याकाळी सहा वाजता लेकीच्या तोंडात भगदाड बघणाऱ्या बापाला शिवणीचं कौतुक कोण सांगणार? मी म्हटलं, "दादा, मांडवाची तार ओढली की आधी सांधा उघडतो, तसं समजा. तार बरोबर बसली." फोनवर क्षणभर शांतता. "बरं," म्हणाले. नंतर आईने सांगितलं की त्या रात्री ते दोनदा उठून टॉर्च लावून बघून आले.

पुढे चौकट. कपाळावर एक टेकण, हनुवटीवर एक, मधे उभी दांडी, आणि यंत्राच्या हुकांपासून दांडीपर्यंत दोन रबरं. शाळेतून आल्यापासून सकाळी निघेपर्यंत. भाऊ तिला विकेटकीपर म्हणायचा. तिने सोसलं, कारण शाळेत घालून जायचं नव्हतं. बारा-चौदा तास भरले.

आता जरा खरं बोलू. स्क्रू लावल्याने हाड किती जास्त पुढे येतं, यावर आमच्यात अजून वाद चालू आहेत. दाढा कमी सरकतात, यावर फारसा वाद नाही. बेल्जियमच्या ह्युगो दे क्लेर्क यांची पद्धत वेगळी आहे. ते वर-खाली दोन्ही जबड्यांत धातूच्या छोट्या पट्ट्या बसवतात आणि तोंडाच्या आतच रबरं लावतात, चौकटच नाही. मुलांना ते आवडेल. पण त्यासाठी हिरडी उघडून छोटं ऑपरेशन लागतं, आणि खालचे सुळे आलेले असावे लागतात. हिचे आले नव्हते. तिला थांबवण्यात वाढीचं एक वर्ष गेलं असतं. मी चौकट निवडली. दुसऱ्या कोणी पट्ट्या निवडल्या असत्या तर मी भांडले नसते.

आणि स्क्रू हलत नाही म्हणतात, तेही पूर्ण खरं नव्हे. तैवानच्या एरिक लिऊ आणि सहकाऱ्यांनी २००४ साली सोळा प्रौढ पेशंटचे स्क्रू ओढण्याआधी आणि नंतर मोजले. घट्ट बसलेले, न निखळलेले, तरी काही स्क्रू सरकले होते, जास्तीत जास्त दीड मिलिमीटर. म्हणून ते म्हणाले, मुळांपासून दोन मिलिमीटर अंतर राखा. प्रौढांत ही कथा. मुलात तर खाली जमीनच चालते. टाळूचं हाड नाकाच्या बाजूने झिजत आणि तोंडाच्या बाजूने चढत हळूहळू खाली उतरतं. छप्परच खाली येतंय आणि आपण त्याच्या तुळईला दोर बांधलाय. वर्ष-दीड वर्षात हा फरक एवढा नसतो की काम बिघडेल. पण मी दर दोन महिन्यांनी बोटाने स्क्रू हलवून बघते, आणि बोट लावण्याआधी एक क्षण श्वास धरते.

सगळ्यात जास्त कटकट जिभेची. नवीन वस्तू टाळूत, जिभेला खेळणं मिळालं. ती सारखी चाटून चाटून स्क्रूभोवती सूज आणायची. मऊ ब्रश, गुळण्या, आणि दर भेटीला तेच भाषण. चौथ्या भेटीत तिनेच मला सांगितलं, "म्याडम, आता सवय झाली, जीब जात नाही." त्याच महिन्यात वरचे दात खालच्यांच्या पुढे आले. आधी काठावर काठ, मग थोडे पुढे, मग नीट. साडेनऊ महिने लागले. हात तोंडाकडे जायचा कधी थांबला ते मला सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं की जात नाहीये.

स्क्रू काढले तेव्हा सुई लावली नाही. उलटे फिरवले, निघाले. टोकाशी थोडं रक्त. वडिलांनी तळहातावर घेऊन बघितले. "एवढंच?" मग खिशातून रुमाल काढला आणि त्यात बांधून घेतले. कुंकवाची डबी द्यावी का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, पण ती डबी तिच्या कामावर आहे. आठ दिवसांनी मुलगी आली तेव्हा टाळूवरची भोकं शोधायला मला आरसा आणि दिवा दोन्ही लागले. डावं सापडलं. उजवं सापडलंच नाही.

काम संपलेलं नाही. खालचा जबडा अजून काही वर्षं वाढणार, मुलींचा पंधरा-सोळापर्यंत, आणि खालचा जबडा एकदा धावायला लागला की वरच्याला मागे टाकू शकतो. हे मी त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि शेवटच्या दिवशी परत सांगितलं. वडील म्हणाले, "मांडव उभा केला म्हंजे बाग आली असं थोडीच आस्तंय." मी दर सहा महिन्यांनी बोलावते. उंची मोजते, कारण उंची ज्या वेगाने वाढते त्यावरून जबड्याचा अंदाज येतो.

माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर एक जिराफ चिकटवलेला आहे, मानेवर सेंटिमीटरच्या खुणा असलेला. परवा ती आली, चप्पल काढून जिराफापाशी उभी राहिली, टाचा भिंतीला, हनुवटी सरळ. मी डोक्यावर पट्टी आडवी धरली. जिराफ १५० ला संपतो, शिंगासकट. पट्टी शिंगांच्या वर होती.

"आता?" तिने विचारलं.

मी कानावरची पेन्सिल काढली आणि भिंतीवरच एक आडवी रेघ मारली, बाजूला तारीख लिहिली.